नाताळची सुट्टी आणि बेडशाची लेणी

नाताळ हा आपला सण खरा, परंतु नाताळच्या सुट्टीवर एकट्या ख्रिस्ती समाजाची मालकी कधीच नव्हती. इंग्रजी अमदानीत डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात कोर्टकचेऱ्या आणि सरकारी कार्यालये बंद राहत, आणि त्या मोकळ्या दिवसांचा उपयोग साऱ्या देशाने आपापल्या परीने करून घेतला. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले ते याच आठवड्यात. ते भरायचे होते पुण्याला. परंतु तेथे पटकीची साथ उद्भवल्यामुळे ऐनवेळी ते मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. त्या अधिवेशनाला जे बहात्तर प्रतिनिधी जमले, त्यांत वकील, शिक्षक आणि संपादक यांचा भरणा होता. अशा मंडळींना गाव सोडून चार दिवस एकत्र येण्याची सवड नाताळाखेरीज कधी मिळणार? पुढे १९२९ सालच्या लाहोर अधिवेशनापर्यंत राष्ट्रसभेच्या बहुतेक बैठका नाताळच्या सुमारासच भरत राहिल्या.

ज्यांना सभेला जायचे नव्हते, ते बायकामुलांना घेऊन हवापालटासाठी निघत. मुंबईकरांना यासाठी सर्वांत सोयीचा मुलूख म्हणजे घाटमाथ्यावरचे खंडाळा आणि लोणावळा. हा मुलूख त्यांच्या आटोक्यात आणला तो आगगाडीने. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, पण मुंबईकडची गाडी तेव्हा घाटाच्या पायथ्याशी खोपोलीलाच थांबत असे. मधला बोरघाट उतारूंनी डोलीत, तट्टावर किंवा पायी चढायचा, आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले घेऊन केलेला तो प्रवास सहलीचा खासच नसणार. १८६३ साली घाटातला मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईहून निघालेली गाडी सरळ पुण्याला पोहोचू लागली. त्या कामावर अपघातांनी आणि पटकीने हजारो मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, मरण पावला आणि त्याच्या मागे त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट अंगावर घेऊन काम तडीस नेले. गाडी बोगद्यात शिरली की मुले आनंदाने ओरडतात. त्यांना या बाईचे नाव कोणी सांगितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पुढे खंडाळा-लोणावळ्यास धनिकांचे बंगले उठले, तशी येशूसंघीयांची आणि इतर संन्यस्त संघांची विश्रामगृहेही उठली. मुंबईच्या मिशन शाळांतील मुलांच्या सहली तेथे येऊ लागल्या. आमच्या सेमिनरीच्या दिवसांतही सुट्टी म्हटली की मावळ हे जणू ठरलेलेच असे. पहाटे मिस्सा आटोपून, पाठीवर पावभाजीचे डबे बांधून आम्ही निघत असू आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला परतत असू. लेण्यांची ओळख आम्हांस त्या पायपिटीतच झाली.

आता परिस्थिती पालटली आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे येथून लोणावळे काही तासांच्या अंतरावर आले. मध्यरात्रीची मिस्सा झाली, गव्हाणी पाहून झाली, नातलगांकडे कुलकुल आणि नेवऱ्यांची ताटे पोहोचली, की २६ तारखेपासून मुले घरात धुडगूस घालू लागतात. सरकारी मराठी शाळांना नाताळात मोठी सुट्टी नसते. आपल्या मिशन शाळांना मात्र आठ-दहा दिवस मिळतात. मग चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवतात आणि लोणावळ्याला जातात. तेथे वाहनांच्या रांगेत दोन तास काढायचे, दरीच्या काठावर उभे राहून छायाचित्रे घ्यायची, चिक्कीची खोकी घ्यायची आणि रात्री उशिरा, मुले मांडीवर झोपलेली असताना, घरी परतायचे. यात वाईट काही नाही. कष्टाळू आईबापांनी वर्षातून एकदा मुलांसमवेत भटकावे, याहून चांगले काय असू शकते? परंतु त्याच वाटेवर, लोणावळ्याच्या पुण्याकडील बाजूला, बेडसे नावाचे गाव आहे आणि त्या गावाच्या डोक्यावर दोन हजार वर्षांची लेणी आहेत. तिकडे आपली कुटुंबे क्वचितच वळतात.

आम्ही धर्मग्रामात हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : “फादर, तिथे आपलं काय आहे?” प्रश्न विचारणारी माणसे भाविक असतात आणि प्रश्नात कुत्सितपणा नसतो. बौद्धांची लेणी, वर गावकऱ्यांची देवी. लहान मुलांना नाताळच्या दिवसांत तेथे कशासाठी न्यायचे, असे त्यांना मनापासून वाटते. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. मात्र त्यासाठी आधी लेण्यापर्यंत चढून जायला हवे.

पुणे-लोणावळा लोकल गाड्या १९७८ पासून धावत आहेत. त्या मार्गावर कामशेत हे स्थानक आहे. कार्ले आणि भाजे या प्रसिद्ध लेण्यांसाठी मळवलीला उतरतात. बेडशासाठी कामशेतला उतरायचे आणि पवनानगरच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर जायचे. डिसेंबरात भाताची कापणी झालेली असते, खाचरांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात. घरी मुले ज्या भाताला ‘इंद्रायणी’ म्हणून ओळखतात ते वाण याच तालुक्यात, वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७ साली प्रसारित झाले, हे त्यांना गाडीत सांगावे. पोटाशी संबंध असलेला इतिहास मुलांच्या ध्यानात राहतो.

लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांची डोंगररांग पूर्वेकडे जिथे उतरू लागते, तेथे हे लेणे कोरलेले आहे. पायथ्यापासून वर सुमारे चारशे पायऱ्या आहेत. सहा-सात वर्षांचे मूल त्या हसतखेळत चढते. त्याहून लहान असेल तर बाबांचे खांदे लागतात. लेण्याचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून जायचे ते सकाळी. उन्हाचा कवडसा तेव्हा चैत्याच्या आत पोहोचतो. दुपारनंतर सारे काळवंडते.

वर गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. समोर कातळाची भिंत आणि तिच्यात एक अरुंद वाट. लेणे कोरणाऱ्यांनी पुढचा कातळ पुरता न हटवता त्यातून सुमारे चाळीस फूट लांबीची बोळवजा वाट तेवढी काढली. मुले एकामागोमाग एक त्या वाटेने आत शिरतात आणि पुढच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे पंचवीसेक फूट उंचीचे खांब उभे राहतात. खांबांचा तळ घटाच्या आकाराचा, मधला भाग अष्टकोनी, वर उलट्या कमळासारखी दिसणारी घंटेची आकृती, आणि त्याही वर घोडे, हत्ती व बैल यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. मुलांना खांबांच्या शैलीशी काही देणेघेणे नसते. कोणत्या जोडप्याला घोडा मिळाला आणि कोणाला बैल, यावरून त्यांचा वाद सुरू होतो. तो होऊ द्यावा. वाद घालण्यासाठी का होईना, ती नीट पाहतात. जाणकार येथील मूर्तिकाम पश्चिम भारतातील आरंभीच्या लेण्यांमधील उत्तम कामांत गणतात. काळ साधारणतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक, म्हणजे प्रभू येशूचा जन्म व्हायचा होता.

आत चैत्यगृह आहे. आपले कोणतेही मूल आत पाऊल टाकताच जे म्हणते ते आम्ही अनेकदा ऐकले आहे : “हे तर चर्चसारखं आहे!” मुलाचे निरीक्षण चुकीचे नाही. मध्ये लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांब आणि भिंत यांच्यामध्ये चिंचोळ्या ओवऱ्या, वर कमानदार छत, आणि शेवटी अर्धगोल टोक. आपल्या जुन्या चर्चमध्ये त्या टोकाला वेदी असते. येथे स्तूप आहे. जेम्स फर्ग्युसन या स्थापत्याच्या स्कॉटिश इतिहासकारालाही एकोणिसाव्या शतकात हाच भास झाला होता. शेजारच्या कार्ल्याच्या चैत्याचे वर्णन करताना त्याने इंग्लंडमधील नॉर्विच येथील कॅथीड्रलशी त्याची तुलना केली आहे.

पण मुलाने पुढचा प्रश्न विचारला तर उत्तर जपून द्यावे. कोणी कोणाचे पाहून उचलले, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. ख्रिस्तसभेला उघडपणे मंदिरे बांधण्याची मोकळीक मिळाली ती चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी. तेव्हा तिने रोमन लोकांची बसिलिका ही इमारत पसंत केली. बसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याचे आणि व्यापारउदिमाचे सार्वजनिक सभागृह. तिच्या अर्धगोल टोकाला न्यायाधीश बसे; तेथे वेदी आली. इकडे मावळात कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी सभागृहे होती. लाकडात वासे आणि कमानी जशा असतात, तशा त्यांनी दगडात उतरवल्या, आणि शिवाय छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्याही बसवल्या. कार्ल्यात आणि भाज्यात त्या फासळ्या आजही पाहायला मिळतात. बेडशाच्या नाहीशा झाल्या आहेत. आणखी एक भेद मुलांना चालून दाखवता येतो. चर्चमध्ये लोक वेदीकडे तोंड करून बसतात. येथे खांबांची रांग स्तूपाच्या मागून वळून दुसऱ्या बाजूला येते, कारण भिक्षू स्तूपाला प्रदक्षिणा घालीत. माणसे जमली, एका पवित्र वस्तूकडे त्यांचे लक्ष लागले, आणि त्यांना सावली व गारवा हवा होता. दोन दूरच्या देशांत त्यातून सारख्या इमारती उभ्या राहिल्या, एवढेच म्हणणे आम्हांस सुरक्षित वाटते.

खांबांकडे नीट पाहिले तर ते उघडेबोडके दिसतात. ते तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खांबांवर आणि छताच्या गिलाव्यावर जुन्या चित्रांचे अवशेष शिल्लक होते. इंग्रज अधिकारी लेणी पाहायला येत. त्यांच्यापुढे लेणे स्वच्छ दिसावे म्हणून १८६१ च्या सुमारास स्थानिक अंमलदारांनी ते झाडून, घासून, रंगवून काढले. त्या उत्साहात जुना गिलावा गेला आणि चित्रेही गेली. साहेबाला खूश करण्यासाठी केलेली ही सफाई आठवली की आमचे मन आमच्याच चर्चांकडे जाते. सणाच्या आधी तैलरंगाचे डबे आणून जुन्या लाकडी मूर्ती आणि कोरीव वेद्या चकाकवल्या जातात, तेव्हा मूळ रंगाचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

चैत्याच्या शेजारी विहार आहे. विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. आपल्याकडे मठ म्हणतात तसे. बहुतेक लेण्यांत विहार चौकोनी आणि सपाट छताचा असतो. बेडशाचा मात्र चैत्यासारखाच लांबट, मागे अर्धगोल आणि वर कमानदार छताचा आहे. अशा घडणीचा विहार फार दुर्मीळ. भिंतीच्या कडेने भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत आणि खोल्यांत दगडी बाक आहेत, ज्यावर ते झोपत. मुले लागलीच त्यांवर आडवी होऊन पाहतात आणि “उशी कुठे आहे?” असे विचारतात. विहारात गावकऱ्यांची देवी शेंदूर लावून बसली आहे. भिक्षू निघून गेल्यावर शतकानुशतके या डोंगरावर दिवा लावला तो गावकऱ्यांनी. तेथे पादत्राणे काढून, आवाज खाली ठेवून उभे राहावे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आता शिलालेख. बेडशाला अवघे तीन आहेत आणि तिन्ही छोटे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत; आपल्या मराठीची ती पूर्वज. आमच्या मते हे तीन लेख म्हणजेच बेडशाचे खरे धन.

पहिला लेख चैत्याच्या पडवीतील एका खोलीच्या दारावर आहे. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे हे दान, एवढाच त्याचा अर्थ. श्रेष्ठी म्हणजे शेठ, सावकार. नाशिकच्या शेटजीच्या मुलाने मावळातल्या डोंगरात दान दिले, त्या अर्थी या वाटेवर त्याचे जाणेयेणे असणार. घाटाखालची बंदरे आणि घाटावरची गावे यांच्यामध्ये बैलांचे तांडे जात, आणि लेणी अशा वाटांच्या जवळ असत. आपले नाव कोरताना या मुलाने वडिलांचे आणि गावाचे नाव आधी घातले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, त्या रिवाजाची मुळे किती खोल आहेत ते येथे दिसते.

दुसरा लेख एका लहानशा स्तूपापाशी आहे. गोभूती नावाचे एक भिक्षू होते. ते अरण्यात राहत, भिक्षेवर निर्वाह करीत आणि मारकूड येथे त्यांचा वास होता. मारकूड हे याच डोंगराचे प्राचीन नाव असावे, असे अभ्यासक समजतात. त्यांच्या मागे त्यांचा शिष्य असाळमित्र याने त्यांच्यासाठी हा स्तूप करविला. ज्याच्याजवळ भिक्षापात्राखेरीज काही नव्हते, त्याच्या नावाचा दगड दोन हजार वर्षे टिकला, आणि तोही शिष्याच्या कृतज्ञतेने. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही वनवासी संतांच्या, इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनीच्या कथा सांगतो. हे गोभूती संत अंतोनीच्या तीनशे वर्षे आधीचे, आणि कामशेत स्थानकापासून तासाभराच्या आत.

तिसरा लेख पाण्याच्या टाक्यावर आहे आणि तो एका स्त्रीचा आहे. महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी. हे तिचे धर्मदान. महाभोज ही त्या काळच्या मोठ्या सरदारांची पदवी. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांत महाभोजांचे लेख आहेत, म्हणजे ही पदवी कोकणात चालत होती. महारठी ही घाटावरच्या सरदारांची. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेखांत ती भेटते. मग ही बाई कोकणातल्या घरची, घाटावर दिलेली लेक असेल काय? तसे असावे असा आमचा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचकांनी घ्यावा. मात्र तिने काय दिले ते दगडावर स्पष्ट आहे. खांब नाही, मूर्ती नाही. चढून आलेल्या माणसासाठी पाणी. चारशे पायऱ्या चढून आलेली आणि बाटली रिकामी केलेली मुले या टाक्यापाशी उभी असतात, तेव्हा या लेखाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही. (ते पाणी आता पिऊ नये, घरून न्यावे.)

आम्ही एकदा धर्मग्रामातील मुलांना हे तीन लेख समजावून दिले आणि विचारले, या तिघांनी आपली ओळख कशी सांगितली? एक पोरगी चटकन म्हणाली, “एकाने बाबांचं नाव सांगितलं, एकाने गुरुजींचं आणि एकीने बाबांचं पण आणि नवऱ्याचं पण.” तिसरीतल्या मुलीला जे दिसले ते आम्हांस इतक्या वर्षांत दिसले नव्हते, असे नाही, पण इतक्या सोप्या शब्दांत आम्ही ते कधी मांडले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे : तेथे आपले काय आहे?

आपल्या समाजात इतिहासाचा प्रारंभ पोर्तुगिजांपासून करण्याची सवय आहे. वसईचा तह झाला २३ डिसेंबर १५३४ रोजी, तोही नाताळच्या तोंडावर, आणि जणू त्या दिवशी आपण आकाशातून पडलो! बाप्तिस्मा घेतलेल्या शेतकऱ्यांना, कोळ्यांना, सुतारांना आजे-पणजे होतेच ना? ते याच किनाऱ्यावर, याच घाटवाटांवर राबत होते. कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर सोपाऱ्याच्या एका भिक्षूचे नाव कोरलेले आहे. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावी सापडला. म्हणजे आज वसई तालुक्यातून जे कुटुंब नाताळात मावळाकडे निघते, त्याच्या वाटेने त्याच्याच शेजारचा एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. त्याच कार्ल्यात यवनांची, म्हणजे ग्रीकांकडील लोकांची, दानेही आहेत. परका वाटणारा माणूस या मातीत येतो, तिची भाषा घेतो आणि तिच्या कामाला हातभार लावतो, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही.

याची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. मोठ्या मुलांपासून तर नाहीच. बोरिवलीजवळ मंडपेश्वर हे शैव लेणे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ते ताब्यात घेऊन त्याचे चर्च केले, त्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उठवले. भिंतीवरचे शिल्प तासून तेथे कोरलेला क्रूस आजही दिसतो. ज्यांनी ते केले त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण दुसऱ्याचे पवित्र स्थान घेऊन आपले उभारणे हा मार्ग ख्रिस्तसभेने पुढे स्वतःच सोडला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने इतर धर्मांविषयीचा जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात बौद्ध धर्माचा नावाने उल्लेख आहे आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे स्वच्छ सांगितले आहे. त्या गोष्टीला साठ वर्षे होऊन गेली. तरीही लेण्याच्या दाराशी आपल्या काही आयाबाया मुलांचा हात घट्ट धरून थबकतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, आत जाण्याने श्रद्धेला तडा जात नाही. आपल्या मुलांच्या वर्गात, विशेषतः महाराष्ट्रात, बौद्ध मुले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून ही लेणी त्या घरांना केवळ पाहण्याची जागा राहिलेली नाहीत. बेडशाला नाताळच्या सुट्टीत पांढऱ्या वस्त्रातले एखादे कुटुंब स्तूपापुढे हात जोडून उभे असले, तर आपल्या मुलांनी गव्हाणीपुढे उभे राहताना जशी शांतता पाळली तशीच तेथे पाळावी.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. वर दुकान नाही, हॉटेल नाही; शिदोरी घरून न्यावी आणि तिचा कागद, पिशवी, संत्र्याची साल सारे परत आणावे. उरलेला केक आणि कुलकुल यांची त्या सकाळी जी चव लागते ती घरी लागत नाही. कातळात मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून धूर करू नये, ओरडा करू नये, दगड तर मुळीच भिरकावू नये. टाक्यांपाशी मुलांचा हात धरावा. पाणी हिरवे दिसते आणि खोली कळत नाही. खडू, कोळसा, खिळा मुलांच्या खिशात नाही ना हे निघतानाच पाहावे. हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, पण भिंतींवर बदामात कोरलेली नावे तेथेही आहेत. त्या नावांकडे बोट दाखवून सामडिनिकेच्या लेखाकडे न्यावे आणि दोन्ही कोरीव नावांत फरक काय, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

आणखी एक. पवित्र कुटुंबाचा सण नाताळच्या आठवड्यातल्या रविवारी येतो, आणि संत लूकच्या शुभवर्तमानात त्या कुटुंबाची यात्राही आहे. दरवर्षी ते नासरेथहून यरुशलेमला पायी जात. मूल बारा वर्षांचे असताना परतीच्या वाटेवर मारिया आणि योसेफ यांना वाटले, तो सोबतच्या मंडळींत असेल, आणि एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळले की तो मागेच राहिला. चार कुटुंबांच्या सहलीत नेमके हेच घडते. आई समजते बाबांकडे आहे, बाबा समजतात काकूकडे. तेव्हा पायऱ्या उतरायला लागण्यापूर्वी, चैत्याच्या समोरच्या त्या अरुंद वाटेच्या तोंडाशी कोणीतरी एकाने उभे राहावे आणि मुले एकेक करून मोजून बाहेर सोडावीत. वाट इतकी चिंचोळी आहे की मोजणी चुकण्याची भीती नाही.

अकराच्या सुमारास उतरायला लागले तर जेवणाच्या वेळेस कामशेत गाठता येते. ज्यांच्या मुलांच्या पायांत अद्याप बळ असेल, त्यांनी मळवलीपर्यंत लोकलने जाऊन भाजे लेणे करावे. त्याचे तोंड पश्चिमेला आहे आणि दुपारचे ऊन तेथे आतपर्यंत जाते. कार्ल्याला एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून ते सोपाऱ्याच्या भिक्षूसह पुढच्या नाताळासाठी राखून ठेवावे.